गोठ्यातला डास कोणाच्या बाजूचा?

दिवेलागणीच्या सुमारास गोठ्यात जाऊन दहा मिनिटं एखाद्या गाईकडे नीट बघत राहा. शेपूट पाठीपर्यंत पोचते, कुशीपर्यंत पोचते, पण पोटाखाली, कासेजवळ आणि गळ्याच्या पोळीवर ती पोचत नाही. डासाला हे पक्कं माहीत असतं. तो नेमका तिथे बसतो. गाय कातडी थरथरवते, पाय आपटते, मग कंटाळून रवंथ करत बसते. दोन-तीन मिनिटांत डासाचं पोट फुगून लालभडक मणी होतं. मग तो जड झालेल्या पतंगासारखा डुगडुगत उडतो आणि जवळच्या भिंतीवर जाऊन चिकटतो.

आता प्रश्न असा. हा डास गाईला चावला नसता, तर माणसाला चावला असता. म्हणजे गाईने माणसाला वाचवलं का? की गाईच्या रक्तावर पोसलेला हा डास आता शे-दीडशे अंडी घालणार, त्यातून आणखी डास येणार आणि ते माणसाला चावणार, म्हणजे गाईनेच घात केला?

जनावरं पाळणाऱ्या घरांत ही दोन्ही मतं ठामपणे ऐकू येतात. त्यात अधूनमधून बातम्या येतात: वराहपालन केंद्रांत जपानी मेंदूज्वर सापडला, आफ्रिकेत मेंढ्या आणि माणसं एकाच डासांच्या आजाराने दगावली. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातून अशी बातमी आली, २०२५ मध्ये सेनेगल आणि मॉरिटानियातून. वाचणारा गोंधळतो. साहजिक आहे, कारण शास्त्रज्ञसुद्धा या प्रश्नावर शंभरेक वर्षं गोंधळलेले होते. उत्तर ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही. आजार कोणता, डास कोणता आणि जनावर कोणतं, हे तिन्ही कळल्याशिवाय उत्तर देताच येत नाही.

डासाची आवडनिवड

चावते ती फक्त मादी. नर आणि मादी दोघंही फुलांचा रस पिऊन जगतात, पण अंडी तयार करायला मादीला प्रथिनं लागतात आणि ती रक्तातून मिळतात. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी रक्त, मग अंडी, मग पुन्हा रक्त, असं तिचं चक्र चालतं. (मराठीत आपण ‘डास चावला’ म्हणतो, ‘चावली’ म्हणत नाही. पुढेही तसंच लिहिणार आहे.)

डासाला सावज सापडतं ते आधी श्वासातून. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा माग काढत तो वाऱ्याच्या उलट दिशेने येतो. जवळ आल्यावर अंगाचा वास आणि ऊब. गाय ही माणसापेक्षा कितीतरी मोठी, तिचा श्वासही मोठा, त्यामुळे दुरून येणाऱ्या डासाला गोठा म्हणजे लांबून दिसणारा दिवाच.

पण सगळे डास सारखे नसतात. जगात डासांच्या साडेतीन हजारांच्या आसपास जाती आहेत आणि प्रत्येकीची जीभ वेगळी. डेंगी पसरवणारा एडिस इजिप्ती मुख्यतः माणसावरच जगतो. शेजारी वासरू बांधलं तरी तो तुमच्याच घोट्यापाशी येईल. आफ्रिकेतला हिवतापाचा मुख्य डास, अॅनोफिलीस गॅम्बिये, हाही माणसाचाच भोक्ता. याउलट अॅनोफिलीस क्युलिसिफेसीस हा दक्षिण आशियातला हिवतापाचा मोठा वाहक बहुतांश वेळा गुरांवरच जेवतो, माणूस त्याला अडीनडीचा. भातखाचरात वाढणारा क्युलेक्स ट्रायटिनिओऱ्हिंकस गाय आणि डुकराला पसंती देतो.

हे कळतं कसं? भिंतीवर बसलेले ते लाल मणी संशोधक काचेच्या नळीने ओढून घेतात, शोषकागदावर चिरडतात आणि प्रयोगशाळेत रक्त कोणाचं ते तपासतात. शंभर डासांपैकी किती जण माणसावर जेवले, हा आकडा त्यातून मिळतो. पुढचं सगळं गणित या आकड्यावर उभं आहे.

एक गमतीची गोष्ट इथेच सांगतो. २०१६ मध्ये इथिओपियात असं दिसलं की अॅनोफिलीस अरेबिएन्सिस हा डास गाय, बकरी, माणूस सगळ्यांकडे जातो, पण कोंबडीच्या वासाने लांब पळतो. लगेच कोणी खाटेखाली कोंबडा बांधू नये. सगळ्या डासांना कोंबडीचं वावडं नसतं. क्युलेक्सच्या कित्येक जाती तर पक्ष्यांवरच जगतात.

बंद गल्ली आणि कारखाना

डास चावला की त्याच्या सोंडेतून आजाराचा जंतू जनावराच्या अंगात जाऊ शकतो. पुढे दोनच शक्यता.

पहिली: जंतू तिथे टिकत नाही, किंवा टिकला तरी रक्तात इतका थोडा असतो की दुसऱ्या डासाला तो मिळत नाही. रस्ता संपला. याला आपण बंद गल्ली म्हणू. माणसाचा हिवताप गाईला होत नाही, त्यामुळे हिवतापाच्या दृष्टीने गाय म्हणजे बंद गल्ली. जपानी मेंदूज्वराच्या बाबतीतही गाय बंद गल्लीच; विषाणू शिरतो, पण रक्तात पुरेसा वाढत नाही. गंमत म्हणजे माणूससुद्धा या आजारात बंद गल्लीच आहे. मेंदूज्वर झालेल्या माणसाला चावून डास दुसऱ्याला तो देऊ शकत नाही.

दुसरी: जंतू रक्तात दणकून वाढतो. एका डासाने आणलेला विषाणू काही दिवसांत शेकडो डासांना वाटला जातो. हा कारखाना. जपानी मेंदूज्वरासाठी डुक्कर हा कारखाना आहे. रिफ्ट व्हॅली तापासाठी (आफ्रिकेत मेंढ्या आणि माणसं दगावली तो आजार) मेंढी, बकरी आणि गाय हे कारखाने आहेत.

म्हणजे तीच गाय एका आजारात बंद गल्ली आणि दुसऱ्यात कारखाना. ‘गुरं बरी की वाईट’ हा प्रश्न त्यामुळे मुळातच चुकीचा पडतो.

आणि बंद गल्ली म्हणजे सुखरूप, असंही समजू नका. डासांतून पसरणाऱ्या वेस्ट नाइल विषाणूसाठी घोडा ही बंद गल्ली आहे, खरा कारखाना पक्ष्यांच्या अंगात चालतो. तरीही घोडा त्याने लुळा पडतो, मरतो. त्याच्यासाठी लस आहे ती त्याला वाचवायला. माणसाला होणारी लागण त्या लशीने थांबत नाही.

युरोपातलं कोडं

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक विचित्र गोष्ट लक्षात आली. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले, त्यामुळे जिथे अॅनोफिलीस तिथे हिवताप असा सरळ हिशोब सगळ्यांच्या डोक्यात बसला होता. पण युरोपात कितीतरी भागांत अॅनोफिलीस डास भरपूर होते आणि हिवताप जवळजवळ नव्हता. काहींनी अंदाज बांधला की गोठे वाढले, गुरं वर्षभर बंदिस्त राहू लागली, डास त्यांच्याकडे वळले आणि माणसं सुटली. यातूनच जनावरांना ढाल करून हिवताप रोखण्याची कल्पना निघाली.

अंदाज अर्धा बरोबर होता. उरलेलं अर्धं उत्तर इटलीतल्या फाल्लेरोनी नावाच्या निवृत्त आरोग्य निरीक्षकाने दिलं. त्याला डासांची अंडी पाहण्याचा नाद होता. एकाच जातीच्या म्हणवल्या जाणाऱ्या डासांच्या अंड्यांवरची नक्षी वेगवेगळी आहे, आणि विशिष्ट नक्षीच्या अंड्यातून आलेली मादी तशीच नक्षी असलेली अंडी घालते, हे त्याने १९२६ मध्ये दाखवलं. म्हणजे ती एक जात नव्हतीच. दिसायला हुबेहूब अशा अनेक जाती होत्या. त्यातल्या काहींना गुरं आवडायची, काहींना माणूस. जिथे गुरं आवडणारी जात होती तिथे हिवताप नव्हता.

तेव्हा ‘गुरं ठेवली म्हणून हिवताप गेला’ यापेक्षा ‘तिथला डास मुळातच गुरांचा होता’ हे जास्त खरं होतं. हा फरक बारीक वाटतो, पण पुढे याच फरकाने अनेकांना फसवलं.

गणित: अर्धा गुणिले अर्धा

हिवतापाचा डास रोग पसरवतो तेव्हा त्याला माणसाला निदान दोनदा चावावं लागतं. एकदा आजारी माणसाला, जंतू घ्यायला. दुसऱ्यांदा निरोग्याला, जंतू द्यायला. मधे साधारण दहा ते चौदा दिवस जातात, कारण डासाच्या अंगात जंतू तयार व्हायला तेवढा वेळ लागतो.

समजा आधी सगळे डास माणसालाच चावत होते. आता गुरं आणली आणि निम्मे चावे गुरांवर गेले. पहिला चावा माणसावर पडण्याची शक्यता निम्मी झाली, दुसराही माणसावर पडण्याची शक्यता निम्मी झाली. अर्धा गुणिले अर्धा, म्हणजे पाव. डासांची संख्या तीच राहिली तर हिवतापाचा प्रसार एक चतुर्थांशावर येतो. ढालवाल्यांचा मुद्दा तो हाच आणि तो भक्कम आहे.

पण ‘डासांची संख्या तीच राहिली तर’ या अटीकडे बघा. गुरं म्हणजे आयतं रक्त. जास्त रक्त, जास्त अंडी. शिवाय खुरांच्या ठशांत साचलेलं पाणी, हौदाभोवतीचा चिखल, गोठ्याच्या सांडपाण्याचा खड्डा. अॅनोफिलीस अरेबिएन्सिसच्या अळ्या खुरांच्या ठशातल्या ओंजळभर पाण्यातसुद्धा वाढतात. डास चौपट झाले की पाव गुणिले चार बरोबर एक. गुरं आणून काहीच फायदा झाला नाही. पाचपट झाले की उलट तोटा.

याहून मोठी गोम डासाच्या आयुष्यात आहे. रोज दहातले आठ डास जगतात असं धरलं, तर दहा दिवसांनी शंभरातले जेमतेम ११ उरतात. दहातले नऊ जगले, तर ३५ उरतात. रोजच्या जगण्यात दहात एकाचा फरक, पण रोग पसरवण्याइतकं वय गाठणारे डास तिप्पट. रक्ताच्या शोधात लांब भटकणारा डास वाटेत मरतो, कोळ्याच्या जाळ्यात अडकतो, वाऱ्यात सापडतो. घराच्या भिंतीला लागूनच गाय बांधली असेल, तर त्याला भटकावंच लागत नाही. जेवण शेजारी, विश्रांतीला भिंत शेजारी, आणि म्हातारपण निवांत. हिवतापात धोक्याचा असतो तो म्हातारा डासच. काल जन्मलेला नव्हे.

माझ्या मते या सगळ्या विषयात समजून घेण्यासारखं सर्वांत जास्त काही असेल तर ते हे गणित. एकदा ते डोक्यात बसलं की उलटसुलट वाटणाऱ्या बातम्या आपोआप जागेवर बसतात.

‘मग गुरांमुळे कुठे फायदा झाला की नाही?’

झाला. पण नुसती गुरं बांधून नाही.

पाकिस्तानात अफगाण निर्वासितांच्या छावण्या होत्या आणि तिथल्या डासांना गुरं प्रिय होती. ढालीचा सिद्धांत खरा असता तर गाई असलेल्या घरांत हिवताप कमी दिसायला हवा होता. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उलटं दिसलं: गाई असलेल्या कुटुंबांच्या मुलांमध्ये हिवताप जास्त होता. गोठा आणि झोपायची जागा जवळजवळ एकच असली की डास गाईसाठी येतो आणि वाटेत मुलालाही चावतो.

त्याच संशोधकांच्या गटाने मग वेगळा डाव टाकला. डास गाईकडे येतोच आहे ना, मग गाईलाच सापळा करू. गुरांच्या अंगावर डेल्टामेथ्रिन हे कीटकनाशक स्पंजने चोळलं. डास येऊन बसला की मरतो, निदान अर्धमेला होतो. २००१ मध्ये निकाल आला: हिवतापाच्या दोन प्रकारांपैकी फॅल्सिपेरम ५६ टक्क्यांनी आणि व्हायव्हॅक्स ३१ टक्क्यांनी घटला. घरांच्या भिंतींवर फवारणी केल्यावर जेवढा फायदा होतो साधारण तेवढाच, आणि खर्च त्याच्या पाचव्या हिश्शाएवढा. वर गोचीड गेले, जनावरं सुधारली, म्हणून पशुपालकांनी आनंदाने करून घेतलं.

वरच्या गणितात हे कुठे बसतं? डासाच्या आयुष्यात. रोज दहातले नऊ जगायचे ते आठवर, सातवर आले की म्हातारे डास संपतात.

हीच युक्ती माणसालाच चावणाऱ्या गॅम्बियेवर चालवली तर गाईच्या अंगावरचं औषध तसंच वाळून जाईल, कारण तो डास तिकडे क्वचितच फिरकेल. जागा बदलली की डास बदलतो, आणि डास बदलला की उपाय बदलतो.

आयव्हरमेक्टिन हा याच्याच पुढचा प्रकार. जंतांवरचं हे औषध जनावराला दिलं की त्याचं रक्त पिणारा डास काही दिवसांत मरतो. माणसांना हे औषध देऊन केनियातल्या क्वाले भागात चाचणी झाली. २०२५ मध्ये आलेल्या निकालात मुलांमधला हिवतापाचा संसर्ग २६ टक्क्यांनी कमी दिसला. जनावरांना देण्याबद्दल मात्र दोन अडचणी नीट लक्षात घ्याव्यात. औषध दुधात आणि मांसात उतरतं, म्हणून ठरावीक दिवस ते वापरायचं नसतं. शिवाय ते शेणातही उतरतं आणि शेण जिरवणारे शेणकिडे मारतं. पशुवैद्याला विचारल्याशिवाय डास मारण्यासाठी हे औषध टोचू नये.

डुकराचा कारखाना

आता जपानी मेंदूज्वर. विषाणू मूळचा बगळे, ढोकरी अशा पाणथळीतल्या पक्ष्यांचा. भातखाचरातला क्युलेक्स डास पक्ष्याला चावतो, मग डुकराला चावतो. डुकराच्या रक्तात विषाणू तीन-चार दिवस भरभरून असतो. डुक्कर सहसा आजारी दिसतही नाही. गाभण मादी असली तर मात्र पिल्लं मेलेली किंवा वाळून ममीसारखी झालेली जन्मतात.

डुक्कर एवढा चांगला कारखाना का? एकदा लागण झालेलं डुक्कर पुन्हा विषाणू वाढवत नाही, त्याच्यात प्रतिकारशक्ती येते. पण मांसासाठी पाळलेलं डुक्कर जगतंच मुळी सहा महिने. दर हंगामाला संपूर्ण कळप नवा, कोरा, प्रतिकारशक्ती नसलेला. विषाणूसाठी दर वर्षी नवं कोरं शेत नांगरून तयार. गाई वर्षानुवर्षं जगतात. कळप कधीच असा एकदम कोरा होत नाही.

माणसात लागण झालेल्या सुमारे २५० जणांपैकी एखाद्यालाच गंभीर आजार होतो, पण झाला तर मेंदूला सूज येते. अशा रुग्णांपैकी ३० टक्क्यांपर्यंत दगावतात आणि वाचलेल्यांपैकीही अनेकांना झटके, अपंगत्व, बोलण्यातले दोष कायमचे राहतात. म्हणूनच लस महत्त्वाची. डुकरं हलवून, डास मारून धोका कमी होतो. माणसाला खात्रीने वाचवते ती लस.

२०२२ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात पशुवैद्यांना मेलेली, वाळलेली पिल्लं दिसू लागली. त्याआधी या भागात हा आजार नव्हताच. पूर आले होते, पाणपक्षी आणि डास दोन्ही वाढले होते. क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, साउथ ऑस्ट्रेलिया, एकामागून एक राज्यांतल्या वराहपालन केंद्रांत विषाणू सापडला आणि माणसंही दगावली. तिथली केंद्रं आधुनिक होती, स्वच्छ होती. डासाला कुंपण कळत नाही. हा क्युलेक्स किलोमीटर-दोन किलोमीटर सहज उडतो.

मात्र डुक्कर आणि मेंदूचा आजार एकत्र दिसला की दर वेळी दोषी डासच, असंही नाही. १९९८ मध्ये मलेशियात वराहपालन करणाऱ्यांना मेंदूज्वर होऊ लागला. जपानी मेंदूज्वर समजून धूरफवारणी झाली, लसीकरण झालं. तरी लोक मरत राहिले. एक गोष्ट खटकणारी होती: जपानी मेंदूज्वर सहसा मुलांना होतो, इथे आजारी पडत होते डुकरांना हाताळणारे मोठे पुरुष. शिवाय लस घेतलेलेही आजारी पडत होते. मार्च १९९९ मध्ये नवा विषाणू सापडला, निपाह. तो वटवाघळांकडून डुकरांत आणि डुकरांच्या स्रावांतून थेट माणसात जात होता. डासाचा संबंधच नव्हता. १०० हून अधिक माणसं गेली आणि दहा लाखांच्या आसपास डुकरं मारावी लागली. सगळं डासाच्या माथी मारण्याची घाई महाग पडते ती अशी.

मेंढ्या गाभडू लागल्या की

रिफ्ट व्हॅली ताप १९३१ मध्ये केनियात मेंढ्यांच्या साथीचा शोध घेताना ओळखला गेला. याची गोष्ट मातीपासून सुरू होते. पूर आला की अंड्यांतून बाहेर येणाऱ्या एडिसच्या काही (डेंगीवाल्याहून वेगळ्या) जातींची अंडी सखल जमिनीत कोरडी पडून वर्षानुवर्षं टिकतात, आणि त्यातल्या काही अंड्यांत विषाणू आईकडूनच आलेला असतो. पाऊस नेहमीसारखा पडला तर फार काही होत नाही. एल निन्योच्या वर्षी तिकडे अतोनात पाऊस झाला, सखल जागा आठवडेच्या आठवडे भरून राहिल्या, की अंड्यांतून लाखो डास निघतात आणि आसपासच्या कळपांवर तुटून पडतात. मेंढ्या कारखाना होतात, मग क्युलेक्ससारखे इतर डासही तिथून विषाणू उचलतात.

पहिली खूण म्हणजे कळपातल्या गाभण मेंढ्या एकामागून एक गाभडतात, म्हणजे त्यांचा गर्भपात होतो. लागण झालेली कोकरं ९० टक्क्यांहून अधिक मरतात. मोठ्या मेंढ्यांत मरतुक खूप कमी असते.

माणसांना हा आजार डासांमुळे होतो, पण जास्त करून होतो जनावराचं रक्त आणि अवयव हाताळताना: कापताना, व्यायलेल्या जनावराची वार काढताना, मेलेलं कोकरू ओढून बाहेर टाकताना. म्हणजे डासाने पेटवलेली आग हातांनी पसरते. माणसाकडून माणसाला झाल्याची नोंद नाही. बहुतेकांना साधा ताप येऊन जातो. थोड्यांना रक्तस्रावाचा प्रकार होतो आणि त्यातले निम्मे दगावतात.

लस जनावरांसाठी आहे, पण ती आधी द्यायची असते. साथ सुरू झाल्यावर एकच सुई कळपभर फिरवली तर सुईच डासाचं काम करते. घाबरलेल्या माणसाला नेमकं तेव्हाच लस टोचावीशी वाटते, म्हणून हे ठळकपणे सांगावं लागतं.

२००६ साली समुद्राचं तापमान आणि उपग्रहांनी टिपलेली हिरवळ पाहून शास्त्रज्ञांनी पूर्व आफ्रिकेत साथ येणार असा इशारा दोन ते सहा आठवडे आधी दिला, आणि साथ आली. इशारा पोचणं आणि लस पोचणं यांतलं अंतर तरीही मोठंच राहिलं.

दूध, मांस आणि लम्पीबद्दल

जपानी मेंदूज्वर डुकराचं मांस खाऊन होत नाही, हिवताप दुधातून येत नाही. रिफ्ट व्हॅली तापाची साथ असेल तिथे मात्र कच्चं दूध आणि कच्चं मांस टाळायलाच हवं.

लम्पी हा गुरांचा आजार डास, माश्या, गोचीड यांच्यामार्फत पसरतो, पण माणसाला होत नाही. इथे डासाच्या अंगात विषाणू वाढत नाही. तो मळक्या सुईसारखा फक्त सोंडेवरून इकडचा तिकडे नेला जातो. डासांचा बंदोबस्त इथेही उपयोगी, पण तो माणसासाठी नसून गुरांसाठी.

‘गोठा घराला लागूनच आहे, करायचं काय?’

सर्वांत आधी पाणी. हौद आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा करून घासून कोरडा करा, कारण अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. हौद मोठा असेल तर त्यात गप्पी मासे सोडा. सांडपाण्याचा खड्डा झाकलेला हवा. शेण-मुताच्या सडक्या पाण्यात वाढणारा क्युलेक्स क्विंक्विफॅसिएटस हत्तीरोग पसरवतो. खुरांनी चिखल होणारी जागा मुरूम टाकून पक्की केली की ओंजळभर पाण्याची ती शेकडो डबकी नाहीशी होतात.

मग जागा. गुरं झोपायच्या खोलीच्या भिंतीला लागून बांधणं हा सर्वांत वाईट पर्याय. शक्य असेल तर गोठा डबकी आणि घर यांच्यामध्ये, घरापासून काही अंतरावर असावा, म्हणजे येणाऱ्या डासाला आधी गाय भेटेल. डुकरांच्या बाबतीत ‘आधी डुक्कर भेटेल’ हा विचार सपशेल चुकीचा. तिथे अंतर जितकं जास्त तितकं चांगलं, आणि भातखाचरं, पाणपक्षी व डुकरं एकत्र येतात तिथे मुलांचं लसीकरण आधी.

धूर केला तर डास गोठ्यातून हटतात, पण मरत नाहीत. गोठ्यातून हटलेले डास कुठे जातात हे घरातल्यांना रात्री कळतंच. धूर करायचा असेल तर मच्छरदाणी आधी बांधावी. कीटकनाशक भिजवलेली जाळी गोठ्याला लावणं जास्त कामाचं, कारण तिथे डास मरतो.

‘एवढा धोका असेल तर जनावरं पाळायचीच कशाला?’

गुरं काढून टाकली तर गुरांवर जेवणारे डास काय करतील? त्यातले काही मरतील, आणि काही काळ तरी बाकीचे माणसाकडे वळतील. ढालीचं गणित उलट्या बाजूनेही लागू होतं. गुरांवर जगणाऱ्या डासांच्या प्रदेशात गुरं एकदम कमी झाली तर हिवताप वाढण्याचीच भीती.

शिवाय जनावरं आणखी एका कामी येतात, आणि त्याचा नमुना जपानने घालून दिला आहे. तिथे १९६५ पासून उन्हाळ्यात कत्तलखान्यात येणाऱ्या डुकरांचं रक्त तपासतात. डुक्कर सहा महिन्यांचं, म्हणजे मागच्या वर्षीचा विषाणू त्याने पाहिलेलाच नसतो. त्याच्या रक्तात विषाणूविरोधी प्रतिपिंडं सापडली, तर ती याच उन्हाळ्याची. ज्या भागातल्या डुकरांत ती दिसू लागतात तिथे विषाणू घेतलेले डास फिरू लागलेत, हे माणूस आजारी पडायच्या आधीच कळतं.